भाडेकरूचे घर आणि कारागिराची थकबाकी

घरदुरुस्तीचे किंवा बांधकामाचे पैसे घरमालकाने थकवले आणि ते वसूल करण्यासाठी मिस्त्री किंवा ठेकेदार त्या घरावरच हक्क सांगू लागला, की पहिली झळ तिथे राहणाऱ्या भाडेकरूला बसते. व्यवहार त्याने केलेला नसतो, काम त्याने सांगितलेले नसते. तरी दाराला कुलूप लागण्याची भीती त्यालाच असते. भारतीय कायद्यात अशी थकबाकी घराला चिकटत नाही, काम सांगणाऱ्या माणसाला चिकटते. भाडेकरूचे बहुतेक संरक्षण या एका तत्त्वातून निघते.

अनेक देशांत स्थिती वेगळी आहे. अमेरिकेत मेरीलँड राज्याने १७९१ मध्ये, वॉशिंग्टन ही नवी राजधानी उभी राहत असताना, बांधकाम कारागिरांना त्यांच्या मजुरीपोटी इमारतीवर बोजा चढवण्याचा हक्क दिला. पुढे तिथल्या इतर राज्यांनीही तसे कायदे केले. भारतात बांधकाम कारागिराला स्थावर मालमत्तेवर असा सर्वसाधारण हक्क नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम १७० कारागिराला वस्तू अडवून ठेवू देते, पण ती वस्तू जंगम हवी आणि दुरुस्तीसाठी त्याच्या ताब्यात दिलेली हवी. घरमालकाने पाण्याची मोटार रिवाइंडिंगला टाकली असेल, तर मजुरी मिळेपर्यंत कारागीर ती ठेवून घेऊ शकतो. भाडेकरूचे पाणी बंद पडले तरी कारागिराचा हा हक्क कायम राहतो. मात्र ज्या खोलीला त्याने गिलावा केला, ती खोली तो अडवू शकत नाही.

बुलढाणा जिल्ह्यात मेहकर तालुक्यातील जानेफळसारख्या गावात घरकाम बहुधा तोंडी ठरते. उचल रोख दिली जाते आणि हिशोब मिस्त्रीच्या वहीत राहतो. त्यामुळे वाद झाला की कागदापेक्षा दबाव पुढे येतो. टिनपत्रे काढून नेण्याची धमकी दिली जाते, बसवलेले दार उखडले जाते, वायरिंग तोडले जाते किंवा खोलीला दुसरे कुलूप लावले जाते. घराला पक्का बसवलेला भाग घराचाच होतो. पैसे राहिले म्हणून बसवलेले दार किंवा छपरावर ठोकलेले टिन काढून नेण्याचा अधिकार मिस्त्रीला नाही. अंगणात पडलेले, न वापरलेले आणि त्याने स्वतःच्या पैशाने आणलेले सामान मात्र तो नेऊ शकतो, आणि भाडेकरूने ते अडवू नये.

कुलूप लावण्याच्या प्रकाराबाबत कायदा अधिक स्पष्ट आहे. स्थिर ताबा असलेल्या माणसाला, त्याचा तिथे राहण्याचा हक्क संपला आहे असे धरले तरी, कायदेशीर मार्गाशिवाय बाहेर काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सांगितले. जे खुद्द मालकाला करता येत नाही, ते मालकाच्या धनकोला करता येणे शक्यच नाही. बेकायदा बाहेर काढल्या गेलेल्या भाडेकरूला १९६३ च्या विशिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम ६ खाली ताबा परत मागता येतो. या दाव्यात घर कोणाचे, हा प्रश्नच येत नाही; ताबा होता आणि तो जबरीने गेला, एवढे दाखवले की पुरते. दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. नुसती धमकी असेल, तर दिवाणी न्यायालयाकडून मनाई हुकूम घेता येतो. अडवणूक, घरात जबरीने शिरणे, नासधूस आणि धमकावणे हे भारतीय न्याय संहितेखाली गुन्हेही आहेत. पोलीस अनेकदा ‘हा दिवाणी वाद आहे’ म्हणून तक्रारदाराला परत पाठवतात. मजुरीचा हिशोब दिवाणी आहे, हे खरे. पण राहत्या घराला दुसऱ्याने कुलूप ठोकणे हा हिशोबाचा भाग नाही, आणि तक्रारीत ही गोष्ट वेगळी व स्पष्ट लिहिणे गरजेचे असते.

दुसरा धोका घरमालकाकडून येतो. मिस्त्री ऐकत नाही, तेव्हा काही दिवस खोली सोडा, असे मालक सांगतो. इथे कोणता कायदा लागू, हे आधी पाहावे लागते. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा अनुसूचीतील व अधिसूचनेने जोडलेल्या क्षेत्रांना लागू होतो. तो लागू असेल तर घर रिकामे करून घेण्याची कारणे कलम १६ मध्ये ठरलेली आहेत, आणि मालकाने कारागिराचे पैसे थकवणे हे त्यांत बसत नाही. वीज-पाणी तोडण्यास कलम २९ मनाई करते. अधिनियम लागू नसलेल्या गावात १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा चालतो. त्याचे संरक्षण तोकडे आहे: महिन्याच्या भाडेकरूला पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेपट्टा संपवता येतो. तरीही नोटिशीनंतर ताब्यासाठी न्यायालयाचाच मार्ग आहे, आणि भाडे भरणाऱ्या भाडेकरूला मुदतीपर्यंत निर्वेध उपभोग देण्याची जबाबदारी कलम १०८ खाली मालकावर राहते. खेड्यातल्या भाडेकरूला शहरातल्यापेक्षा कमी संरक्षण मिळावे, ही या व्यवस्थेतील खरी उणीव आहे.

अर्धवट राहिलेल्या दुरुस्तीचा प्रश्न सगळ्यांत नाजूक असतो. भाडेकरू छपराच्या कामासाठी बाहेर पडतो, पैशांवरून काम थांबते आणि परतण्याची तारीख कोणी सांगत नाही. भाडे नियंत्रण अधिनियमाखाली दुरुस्तीसाठी ताबा हुकूमनाम्याने घेतला असेल, तर भाडेकरूची परत येण्याची इच्छा त्या हुकूमनाम्यातच नोंदवली जाते. तोंडी समजुतीवर बाहेर पडलेल्याकडे असे काहीच नसते. म्हणून घर सोडण्याआधी कामाची मुदत आणि परतण्याचा हक्क कागदावर घेणे, शिवाय काही सामान घरातच आणि एक किल्ली स्वतःकडे ठेवणे महत्त्वाचे ठरते.

भाडेकरूने मिस्त्रीला परस्पर पैसे देऊन ते भाड्यातून कापावेत काय? अधिनियम लागू असेल तर कलम १४ प्रमाणे मालकाला किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो. कपात मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त करता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याखालीही कपात करता येते, पण जी दुरुस्ती मालकावर बंधनकारक आहे तिचीच. आणि करारात तसे नसेल तर हे बंधन गृहीत धरता येत नाही. त्याच कायद्यात दुसरी सोय आहे: मालकाने भरायची रक्कम भाडेकरूकडून किंवा मालमत्तेवर वसूल होण्यासारखी असेल, उदाहरणार्थ थकलेली घरपट्टी, तर ती भरून भाड्यातून वळती करता येते. मिस्त्रीचे साधे येणे या वर्गात बसत नाही. मालकाच्या लेखी संमतीशिवाय ते भरून भाडे कापले, तर भाडेकरूच थकबाकीदार ठरण्याचा धोका असतो. काम भाडेकरूने स्वतः सांगितले असेल, तर देणेकरी अर्थातच तोच.

कारागिराची बाजूही न्यायाची असते. घामाचे पैसे बुडवणारा मालक त्याचाही अपराधी आहे. पैसे देण्याची मुदत ठरलेली नसेल, तर काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांत तो मजुरीचा दावा लावू शकतो. हुकूमनामा मिळाल्यावर त्याने दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, दाखल केली, की प्रथमच कायदा खऱ्या अर्थाने घरापर्यंत पोचतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ प्रमाणे घर जप्त होते, जप्तीची दवंडी पिटली जाते आणि हुकुमाची प्रत घरावर लावली जाते. ही प्रत पाहून भाडेकरू घाबरतात, पण जप्ती म्हणजे घर रिकामे करण्याचा हुकूम नव्हे. मालकाला घर विकण्यास किंवा गहाण टाकण्यास ती मनाई असते. जप्तीनंतर नव्याने दिलेला भाडेपट्टा मात्र धनकोविरुद्ध टिकत नाही. म्हणून भाडेपट्टा जप्तीआधीचा होता, हे दाखवता येणे निर्णायक असते.

भाड्याची रक्कमही जप्त होऊ शकते. न्यायालयाने भाडेकरूला तसा हुकूम बजावला, की भाडे मालकाच्या हाती देऊ नये. दिल्यास तीच रक्कम पुन्हा भरण्याची वेळ येऊ शकते. दिवाणी प्रक्रिया संहितेत १९७६ च्या दुरुस्तीने आलेल्या तरतुदींनुसार न्यायालयात भरलेले भाडे मालकाला भरल्यासारखेच धरले जाते. मिस्त्रीने स्वतः येऊन ‘आता भाडे मला द्या’ म्हणणे आणि न्यायालयाचा हुकूम यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

लिलावात घर विकले गेले तरी आदेश २१ चा नियम ९६ भाडेकरूच्या बाजूने उभा राहतो. घर भाडेकरूच्या ताब्यात असेल तर खरेदीदाराला ताबा प्रतीकरूपाने मिळतो: विक्री प्रमाणपत्राची प्रत दर्शनी जागी लावायची आणि दवंडी द्यायची. खरेदीदार नवा घरमालक होतो. पुढे भाडेकरूला काढायचे तर त्यालाही कायद्याची वाट धरावी लागते. बेलीफाने तरीही बाहेर काढलेच, तर ताबा परत मिळवण्याचा अर्ज तीस दिवसांत करावा लागतो. बँकेच्या कर्जवसुलीतही भाडे कायद्याचे संरक्षण असलेला भाडेकरू सहजासहजी हटवता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. नंतरच्या निकालांनी मात्र लेखी पुराव्याविना सांगितलेल्या भाडेपट्ट्यांकडे अधिक कडकपणे पाहिले.

अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याची स्थिती यापेक्षा दुबळी आहे. त्याला घरात हितसंबंध मिळत नाही, फक्त वापराची परवानगी मिळते, आणि १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५९ नुसार नवा खरेदीदार त्या परवानगीने बांधला जात नाही. तरी त्यालाही कोणी मिस्त्री मनगटाच्या जोरावर बाहेर काढू शकत नाही.

भाडेपावत्या, खात्यावरून केलेले भरणे, नोंदणी केलेला करार, दाखल्यांवरील जुना पत्ता आणि दुरुस्तीआधीची छायाचित्रे हे अशा वादातले मुख्य पुरावे असतात. जानेफळच्या रहिवाशासाठी जवळचे दिवाणी न्यायालय मेहकरला आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेखालील उत्पन्न असणारे यांना मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे किंवा बुलढाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. मालक, मिस्त्री आणि भाडेकरू तिघेही तयार असतील, तर वाद लोकअदालतीत मिटवता येतो, आणि तिथल्या निवाड्याला हुकूमनाम्याइतकेच बळ असते.