‘मा’ आडनाव आणि इतिहासाचा पुरावा

चीनमधील मुस्लिमांत ‘मा’ हे आडनाव इतके रूढ आहे की, ते मुहम्मद या नावावरूनच आले असावे, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः ‘मा’ म्हणजे घोडा. इस्लामच्या उदयापूर्वी पाच शतकांहून अधिक काळ आधी होऊन गेलेला हान सेनापती मा युआन (मृत्यू इ. स. ४९) याचे आडनावही हेच होते. कालिकतचे वर्णन लिहिणारा, पंधराव्या शतकातील दुभाषा मा हुआन मात्र मुस्लिम होता. त्याचा नौदलप्रमुख झेंग हे जन्माने ‘मा’च, ‘झेंग’ हे आडनाव त्याला सम्राट योंगलेने १४०४ मध्ये दिले. त्याचे मुस्लिम मूळ स्पष्ट होते ते युनान प्रांतातील १४०५ च्या शिलालेखावरून. तेथे त्याच्या पित्याचा उल्लेख ‘हाजी’ असा आहे. तात्पर्य, आडनावावरून शोध सुरू करावा. निष्कर्ष पुराव्यावरूनच काढावा.