घोडबंदर ते परळ: स्त्रीरोग-विकृतिशास्त्राची वाट

गर्भाशय, गर्भाशयमुख, बीजकोश आदी अवयवांतील पेशी व ऊतके सूक्ष्मदर्शकाखाली तपासून रोग ओळखणारी शाखा म्हणजे स्त्रीरोग-विकृतिशास्त्र. ठाणे-कल्याण परिसरात ही शाखा स्वतंत्रपणे रुजली नाही, तर मुंबईच्या आधाराने पोहोचली. खाडीच्या कडेने जाणाऱ्या घोडबंदर रस्त्यावर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखाने आले, पुढे उंच वसाहती उभ्या राहिल्या. त्यापूर्वी तेथे ओवळा, वाघबीळ, कासारवडवली यांसारखी गावे होती आणि मागे येऊरच्या डोंगरात आदिवासी पाडे. रेल्वे मात्र १८५३ मध्ये ठाण्यास आणि १८५४ मध्ये कल्याणास पोहोचल्यामुळे अवघड दुखणे मुंबईस नेण्याचा परिपाठ या भागात लवकर पडला.

प्रयोगशाळेच्या आधीचा अडथळा वेगळाच होता. पुरुष वैद्याकडून अंतर्गत तपासणी करून घेण्यास स्त्रिया धजत नसत, आणि तपासणीच झाली नाही तर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्यास काही हाती येत नाही. कल्याणच्या जोशी घराण्यातील आनंदीबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या, त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. त्याच वर्षी मुंबईत स्त्रिया व मुलांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले. बर्लिनमध्ये कार्ल रुगे व योहान फाइट यांनी १८७० च्या दशकातच गर्भाशयातून खरवडून काढलेल्या ऊतकावरून कर्करोग ओळखता येतो हे दाखवले होते, पण ते ज्ञान येथील स्त्रीच्या उपयोगी पडण्यास आधी तिला तपासणाऱ्या स्त्री डॉक्टरची गरज होती.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईतील परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांच्याकडे तेथील प्रयोगशाळेची धुरा आली. काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टिकवायचा, मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, त्याचे काही सहस्रांश मिलिमीटर जाडीचे काप घेऊन रंगवायचे व काचपट्टीवर पाहायचे, ही पद्धत जगभर तीच होती. खानोलकरांचे वेगळेपण असे की, काचपट्टीवर दिसलेल्या रोगाची सांगड त्यांनी रुग्णाच्या समाजाशी, आहाराशी व चालीरीतींशी घातली. १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत स्थापलेल्या कर्करोग नोंदणीने हा विचार आकड्यांवर आणला. पारशी स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग कमी व स्तनाचा अधिक, हे त्या नोंदींतून ठसठशीतपणे पुढे आले. पुढील दशकांत शहरात एकूणच पहिला घटत व दुसरा वाढत गेला. अशी नोंद प्रत्येक निदानाच्या कागदावर उभी असते, म्हणून विकृतिशास्त्रज्ञाचे काम एका रुग्णापुरते कधीच नसते.

तरीही ऊतकपरीक्षा बहुधा उशिराच होते, कारण रक्तस्राव सुरू झाल्याखेरीज तुकडा काढण्याची वेळ येत नाही. जॉर्ज पापानिकोलाऊ यांची पद्धत (पॅप चाचणी) या उशिरावरच उतारा होती: गर्भाशयमुखावरील पेशी लाकडी पट्टीने खरवडून काचेवर पसरवल्या की कर्करोगाच्या कित्येक वर्षे आधीचे बदल दिसतात. परंतु प्रत्येक काच वाचण्यास शिकलेला डोळा लागतो, आणि असे डोळे गावोगावी नव्हते. महाराष्ट्राचे खरे योगदान, या लेखाच्या मते, नेमके येथे आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १,५१,५३८ स्त्रियांच्या अभ्यासात प्राथमिक आरोग्य सेविकांनी गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल (व्हिनेगरमधील आम्ल) लावून पांढरे पडणारे डाग नुसत्या डोळ्यांनी पाहिले, आणि या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्याउलट उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्याने झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १,३१,७४६ स्त्रियांपैकी ज्यांची या कर्करोगास कारण ठरणाऱ्या विषाणूसाठी (एचपीव्ही) एकदा चाचणी झाली, त्या गटातील मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, पण पॅप व आम्लचाचणी यांचा तसा ठळक परिणाम दिसला नाही. दोन्ही अभ्यासांत तुलनेच्या गटाला चाचणी मिळाली नव्हती, यावर पुढे नैतिक वाद झाला, व तो अनाठायी नव्हता. संशयित डाग खरोखर रोग आहे की नाही, हे ठरवण्यास अखेर ऊतकपरीक्षाच लागली, हेही विसरून चालत नाही.

विकृतिशास्त्र रोग पकडते तसे अनावश्यक शस्त्रक्रियेलाही आवर घालते, आणि ही बाजू इतिहासात फारशी लिहिली गेलेली नाही. पांढरे जाणे, पोटात दुखणे अशा तक्रारींवर ‘पुढे कर्करोग होईल’ या भीतीने गर्भाशयाची पिशवी काढून टाकण्याचे प्रकार राज्यात घडले. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांच्या पिशव्या काढल्याचे २०१९ मध्ये विधान परिषदेत सांगण्यात आले. त्यांत ऊसतोडीस जाणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न विशेष गाजला व नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. शस्त्रक्रियेपूर्वी पेशी तपासल्या असत्या, तर भीतीला आधार आहे की नाही हे आधीच कळले असते. काढलेली पिशवी तपासली, तर ती निरोगी होती काय याचा लेखी पुरावा उरतो, व तो डॉक्टरालाही नाकारता येत नाही.

कळव्याच्या महापालिका रुग्णालयाला १९९२ पासून वैद्यकीय महाविद्यालयाची जोड मिळाल्यावर ठाण्यातच ऊतकपरीक्षेचे शिक्षण देणारा विभाग आला, आणि घोडबंदर रस्त्यावर आता खासगी रुग्णालये व नमुने गोळा करणारी केंद्रे थोड्याथोड्या अंतरावर आहेत. नमुन्याचा प्रवास सोपा झाला, स्त्रीचा नव्हे: २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी अवघ्या १.९ टक्के स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी कधी तरी चाचणी झाली होती.