ब्लेड की कॅव्हिटी? : आरशात बघायला लावणारी लोखंडं

गेले दोन-तीन महिने डोक्यात एकच किडा वळवळतोय. गोल्फचा आयर्न सेट बदलायचा की नाही? हापिसात बिल्ड चालू असताना, रात्री झोपताना, अगदी भाजी चिरतानासुद्धा तोच विचार. शेवटी बायको म्हणाली, "तू एकदा लिहून काढ बाबा, म्हणजे आम्ही सुटू." म्हणून हा वीकांताचा लेख.

ज्यांचा गोल्फशी संबंध टीव्हीचा चॅनेल बदलण्यापुरताच आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. माझा हँडिकॅप १६. म्हणजे ७२ फटक्यांत संपणाऱ्या मैदानावर मी बरा दिवस असेल तर साधारण ८८-९० फटके मारतो. धड नवशिका नाही, धड खेळाडू नाही. चाळीतल्या क्रिकेटमध्ये सहाव्या नंबरावर येणारा गडी असतो ना, तसा. आणि तरीही गेल्या वर्षी मी सेकंडहँड ब्लेड घेतले. का? तर दिसायला सुंदर म्हणून. उगाच खोटं कशाला बोलू!

ब्लेड म्हणजे मागून सपाट, पातळ, चकचकीत लोखंडी पातं. कॅव्हिटी-बॅक म्हणजे मागून पोखरलेलं, कडेला जाड. पहिलं बॅगेत असलं की लोकांना वाटतं याला खेळता येतं. दुसरं असलं की लोकांना काहीच वाटत नाही. माझा सगळा प्रश्न या वाक्यात आला, पण उत्तरासाठी जरा इतिहासात जावं लागेल.

पूर्वी सगळेच आयर्न ब्लेड होते, कारण दुसरं काही करणं सोयीचंच नव्हतं. स्कॉटलंडमधले लोहार लोखंड तापवून, घणाने ठोकून क्लबचं डोकं घडवायचे. ठोकून घडवलेली वस्तू साहजिकच सलग आणि भरीव होते. पुढे कारखाने आले, लाकडी दांड्याच्या जागी स्टीलचा शाफ्ट आला (अमेरिकेत १९२४ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९२९ मध्ये त्याला मान्यता मिळाली), पण डोक्याचा आकार मूळचाच राहिला. वजन मध्यभागी, चेंडूच्या बरोब्बर मागे. ऐकायला किती तर्कशुद्ध वाटतं! जिथे मारायचं तिथेच वजन हवं, नाही का?

तर नाही. आणि हे "नाही" म्हणणारा माणूस गोल्फर नव्हता, इंजिनिअर होता.

कार्स्टन सोल्हाइम. जन्म १९११, नॉर्वेमधल्या बर्गनचा. अगदी लहान असताना घरचे अमेरिकेत सिअ‍ॅटलला आले. वडिलांचा धंदा बूट बनवण्या-दुरुस्त करण्याचा. पोराने वॉशिंग्टन विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला, पण महामंदीत शिक्षण सुटलं आणि तोही बुटांच्या दुकानात बसला. पुढे विमानांच्या कारखान्यात नोकरी, मग १९५३ मध्ये जनरल इलेक्ट्रिक. तिथल्या सहकाऱ्यांनी त्याला गोल्फ खेळायला नेलं तेव्हा हा गृहस्थ ४२ वर्षांचा होता. बेचाळीस! इथे आम्ही पस्तिशीत "आता काय शिकणार" म्हणून उसासे टाकतो.

सोल्हाइमचं पटिंग वाईट होतं. आपलं पटिंग वाईट असलं की आपण नशिबाला, ग्रीनला, नाहीतर शेजारी खोकणाऱ्याला दोष देतो. त्याने पटरला दोष दिला, आणि गंमत म्हणजे त्याचं बरोबर होतं. चेंडू पटरच्या मध्यापासून जरा बाजूला लागला की पटर हातात वळतो. मग वजन मध्यात ठेवण्याऐवजी दोन्ही टोकांना ठेवलं तर? असं सांगतात, की त्याने आइस्क्रीमच्या काड्या आणि साखरेचे चौकोनी तुकडे चिकटवून ही कल्पना करून पाहिली. १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रेडवुड सिटीत, घराच्या गॅरेजमध्ये, पहिला पटर तयार झाला. चेंडूला लागला की "पिंग" असा आवाज यायचा. तेच नाव ठेवलं.

आता दोन मिनिटं फिजिक्स. घाबरू नका, अकरावीचंच आहे. वस्तू फिरवायला किती अवघड जाईल हे नुसत्या वजनावर नाही, तर ते वजन मध्यापासून किती लांब आहे यावर ठरतं. त्यातही अंतराचा वर्ग घ्यायचा. समजा २५ ग्रॅम धातू मध्यापासून १ सेंटिमीटरवर आहे. त्याचा वाटा २५. तेच २५ ग्रॅम ३.५ सेंटिमीटरवर सरकवले तर वाटा ३०६. वजन तेवढंच, हातात जाणवणारा भार तेवढाच, पण त्या तुकड्याचा वळण्याला होणारा विरोध बारा पट! म्हणजे आपला फटका टोकाकडे बसला तरी डोकं कमी वळतं, चेंडूचा वेग कमी मरतो, दिशाही कमी बिघडते. प्रोग्रामिंगच्या भाषेत सांगायचं तर ब्लेड बरोबर इनपुट दिलं तरच चालतो. कॅव्हिटी-बॅकमध्ये एरर हँडलिंग आहे.

१९६० च्या दशकात सोल्हाइमने हीच युक्ती आयर्नवर वापरली. आधी घडीव डोक्यांचा मागचा भाग कोरून काढला. पण कोरत बसणं महागाचं काम. मग १९६९ च्या सुमारास तो ओतीव डोक्यांकडे वळला. मेणाचा नमुना करायचा, त्यावर सिरॅमिकचं कवच चढवायचं, मेण वितळवून काढायचं आणि पोकळीत धातू ओतायचा. मोहेंजोदडोची नर्तकी आणि चोळांचे नटराज मुळात याच पद्धतीने घडले! ठोकून न जमणारे आकार ओतून जमतात. म्हणजे कॅव्हिटी-बॅक सर्वत्र पोचायला नुसती कल्पना पुरली नाही, उत्पादनाची पद्धतही बदलावी लागली. (जाता जाता: "घडीव म्हणजे ब्लेड, ओतीव म्हणजे कॅव्हिटी" हे समीकरण आता खरं नाही. आज घडीव कॅव्हिटी-बॅक सर्रास मिळतात. आकार ही एक गोष्ट, घडवण्याची रीत ही दुसरी.)

१९६७ मध्ये नोकरी सोडून त्याने पूर्णवेळ कंपनी सुरू केली, फिनिक्समध्ये. १९८२ मध्ये आला "आय टू" नावाचा सेट. दिसायला कसा? सरळ सांगतो, कुरूप. पण तो तुफान खपला. १९८९ मध्ये मार्क कॅल्कावेकिया याच आयर्नने ब्रिटिश ओपन जिंकला. म्हणजे "ही लोखंडं फक्त कच्च्या लोकांसाठी" हा युक्तिवाद तिथेच संपायला हवा होता. पण संपला नाही, उलट तिथून खरी मारामारी सुरू झाली.

भांडण होतं क्लबच्या फेसवरच्या खाचांचं. १९८४ मध्ये अमेरिकन गोल्फ संघटनेने, म्हणजे यूएसजीएने, चौकोनी खाचांना परवानगी दिली. पिंगच्या खाचांच्या धारदार कडांनी चेंडूचं मऊ आवरण सोलवटायचं, म्हणून सोल्हाइमने त्या कडा जराशा गोल केल्या. नियम असा की दोन खाचांमधलं अंतर खाचेच्या रुंदीच्या निदान तिप्पट हवं. आता मला सांगा, कडा गोल केली तर रुंदी मोजायची कुठून कुठपर्यंत? संघटनेच्या पद्धतीने मोजलं तर काही हजारांश इंचाने नियमभंग होत होता. सोल्हाइमच्या पद्धतीने मोजलं तर होत नव्हता. स्पेसिफिकेशनमध्ये एक व्याख्या मोघम राहिली की काय होतं, हे आपल्या धंद्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको!

हजारांश इंच म्हणजे फार तर केसाच्या जाडीच्या हिशेबातली गोष्ट. पण तोवर लाखो क्लब लोकांच्या बॅगांमध्ये गेले होते. सोल्हाइमने मान तुकवली असती तर ते सगळे बेकायदा ठरले असते. त्याने १९८९ मध्ये यूएसजीएवर १० कोटी डॉलरचा दावा ठोकला. जानेवारी १९९० मध्ये तडजोड झाली: नवे क्लब बदललेल्या खाचांचे, जुने मात्र कायम वैध. व्यावसायिकांच्या पीजीए टूरने चौकोनी खाचांवरच बंदी घातली होती, तिच्याशी वेगळा खटला चालला आणि तोही १९९३ मध्ये तडजोडीने मिटला. बंदी मागे घेतली गेली.

या तडजोडीला वीस वर्षांनी एक मजेदार शेपूट फुटलं. २०१० मध्ये खाचांचे नवे, कडक नियम आले. पण १९९० च्या तडजोडीमुळे जुने आय टू अजून कायदेशीरच! फिल मिकेल्सनने जानेवारी २०१० मध्ये टॉरी पाइन्सच्या स्पर्धेत सरळ जुना आय टू वेज बाहेर काढला. एका सहखेळाडूने त्याला फसवणूक म्हटलं, बराच गदारोळ झाला, आणि शेवटी पिंगने आपण होऊन हक्क सोडल्यावर मार्चअखेरीस टूरने ती पळवाट बुजवली. सोल्हाइम हे पाहायला नव्हता, तो २००० मध्येच गेला. मला वाटतं, तो गालातल्या गालात हसला असता.

असो. आता माझ्या बॅगेकडे.

ब्लेडवाल्यांचा युक्तिवाद मी मनापासून मानत होतो. एक, ब्लेड खरं बोलतो. चेंडू चुकीच्या जागी लागला की हाताला झिणझिण्या येतात, म्हणजे शिकायला मिळतं. दोन, चेंडू डावी-उजवीकडे वळवणं, खाली-वर ठेवणं सोपं जातं. तीन, टायगर वूड्स ब्लेडने खेळला. (या तिसऱ्या कारणाने जगात किती पैसे वाया गेले असतील कुणास ठाऊक!)

मग एका शनिवारी मी पायाला लावायची पावडर घेऊन ड्रायव्हिंग रेंजवर गेलो. क्लबच्या फेसवर पावडर मारायची, चेंडू मारायचा, कुठे ठसा उमटला ते बघायचं. सात नंबरच्या ब्लेडने ३० चेंडू मारले. मध्यावर किती? सात. बाकीचे तेवीस टोकाकडे, टाचेकडे, खालच्या कडेला, जिथे जागा दिसेल तिथे. माझा समज होता, निदान निम्मे तरी मध्यात असतील.

इथे मला बेन होगन आठवला. १९४९ च्या भीषण मोटार अपघातातून तो वाचला आणि १९५० मध्ये मेरियनवर यूएस ओपन जिंकला. तिथल्या अठराव्या होलवरचा त्याचा एक नंबरच्या आयर्नचा फटका आणि त्याचा फोटो प्रसिद्ध आहे. तो क्लब चोरीला गेला आणि तीसेक वर्षांनी सापडला. असं सांगतात, की त्याच्या फेसवर छोट्या नाण्याएवढा झिजलेला एकच ठिपका होता आणि ओळख पटवायला तोच उपयोगी पडला. हजारो फटके आणि ठिपका एक! माझ्या फेसवर ३० फटक्यांत महाराष्ट्राचा नकाशा उमटला होता, विदर्भासकट.

दुसऱ्या दिवशी मित्राचा कॅव्हिटी-बॅक मागून आणला. पुन्हा ३० चेंडू, पुन्हा पावडर. ठसे तितकेच पसरलेले, मध्यावर आठ. म्हणजे क्लबने माझा स्विंग सुधारला नाही. पण ब्लेडचे वाईट फटके ग्रीनच्या बरेच अलीकडे मरत होते आणि याचे वाईट फटके जवळपास पोचत होते. चांगले फटके दोन्हींचे सारखेच चांगले.

एक सावधगिरीची सूचना, कारण इथे मीही फसणार होतो. नव्या कॅव्हिटी-बॅकचा सात नंबर ब्लेडच्या सात नंबरपेक्षा लांब जातो, पण त्यातला बराच भाग नंबराचा खेळ आहे. पारंपरिक ब्लेडच्या सात नंबरचा लॉफ्ट ३४ अंशांच्या आसपास असतो, बऱ्याच नव्या कॅव्हिटी-बॅकचा २८ ते ३० च्या आसपास. म्हणजे ज्याच्यावर सात लिहिलंय तो खरं तर जुना सहा किंवा पाच आहे. तेव्हा दुकानात "बघा साहेब, पंधरा यार्ड जास्त" असं कुणी म्हणालं तर आधी लॉफ्ट विचारा. लांबी बघू नका, वाईट फटके कुठे पडतात ते बघा.

राहिला "ब्लेडने शिकायला मिळतं" हा मुद्दा. वर्षभरात मला काय शिकायला मिळालं? फटका चुकला हे कळलं. का चुकला हे नाही कळलं. ते तर कॅव्हिटी-बॅकमध्येही चेंडूकडे बघून कळतंच की! उलट झालं असं, की तळ्यावरून मारायचं असलं की माझे खांदे आधीच आखडायचे, आणि गेल्या काही रविवारी तर मी कारणं काढून खेळायला जायचंच टाळलं. ज्या गोष्टीसाठी पहाटे पाचला उठायचो, तिचीच भीती वाटायला लागली होती. हे फक्त एका चकचकीत पात्यापायी, जे मी दुसऱ्यांनी बघावं म्हणून बॅगेत ठेवलं होतं. हे लिहिताना लाज वाटतेय, पण लिहायचंच ठरवलं होतं.

व्यावसायिकांमध्येही आज बरेच जण मिश्र सेट वापरतात: लांबचे आयर्न कॅव्हिटीचे, जवळचे ब्लेड. त्यांना त्याची लाज वाटत नाही. मग १६ हँडिकॅपवाल्याने कुणासमोर मान ताठ ठेवायची?

तर निर्णय असा. चार ते नऊ नंबर कॅव्हिटी-बॅक, सेकंडहँड, कालच घेतले. ब्लेडचा फक्त पिचिंग वेज ठेवलाय, कारण तो खरंच बरा लागतो (पावडर लावून तपासलंय). बाकीचे ब्लेड विकायला काढलेत. कुणाला हवे असतील तर कळवा, पण आधी पावडरचा प्रयोग करून या.

आज सकाळी त्याच तळ्यावरून सहा नंबर मारला. टोकाकडे लागला, हाताला कळलं. चेंडू पाण्याच्या पलीकडे, जेमतेम काठावर पडला. देखणा फटका नव्हता, पण पुढचा फटका मारायला मिळाला.