रॉकफेलर विद्यापीठाचे चिकित्सा व ट्रान्सलेशनल विज्ञान केंद्र

रॉकफेलर विद्यापीठाचे चिकित्सा व ट्रान्सलेशनल विज्ञान केंद्र ही अमेरिकेतील न्यू यॉर्क शहरातील, माणसांवरील वैद्यकीय संशोधनास साहाय्य करणारी संस्था आहे. केंद्राची स्थापना २००६ मध्ये झाली. त्याचे बरेचसे कार्य विद्यापीठाच्याच रुग्णालयात चालते. ‘ट्रान्सलेशनल’ या शब्दासाठी ‘भाषांतरित’ असा प्रतिशब्द योजणे दिशाभूल करणारे ठरते. येथे भाषेचा काही संबंध नाही. प्रयोगशाळेतील शोध रुग्णाच्या उपचारापर्यंत नेणे आणि रुग्णाजवळ उभा राहिलेला प्रश्न पुन्हा प्रयोगशाळेत आणणे, असा दुहेरी अर्थ त्यात अभिप्रेत आहे.

पार्श्वभूमी

जॉन डी. रॉकफेलर यांच्या देणगीतून १९०१ साली वैद्यकीय संशोधन संस्था स्थापन झाली व १९१० मध्ये तिचे रुग्णालय सुरू झाले. केवळ संशोधनासाठी उभारलेले ते अमेरिकेतील पहिले रुग्णालय मानले जाते. तेथे निवडक रोगांचेच रुग्ण दाखल केले जात आणि त्यांच्याकडून शुल्क घेतले जात नसे. डॉक्टरांनी इतरांच्या कल्पना रुग्णांवर पडताळून पाहण्यापुरते न थांबता स्वतःही प्रयोगशाळेत संशोधन करावे, असा पहिले संचालक रुफस कोल यांचा आग्रह होता.

या आग्रहाचे फळ अनपेक्षित ठिकाणी मिळाले. रुग्णालयातील न्यूमोनियाच्या अभ्यासातूनच ओस्वाल्ड एव्हरी, कॉलिन मॅक्लिओड व मॅक्लिन मॅकार्टी यांनी १९४४ मध्ये आनुवंशिक गुणांचे वाहक डीएनए असल्याचे दाखवून दिले. एव्हरी यांना नोबेल पारितोषिक मात्र मिळाले नाही. पुढे १९६०च्या दशकात व्हिन्सेंट डोल, मेरी निस्वांडर व मेरी जीन क्रीक यांनी हेरॉइनच्या व्यसनावर मेथाडोनचा उपचार येथेच विकसित केला.

संमतीचा प्रश्न

संस्थेच्या इतिहासाला काळी बाजूही आहे. १९११-१२ च्या सुमारास संस्थेतील हिदेयो नोगुची यांनी उपदंशाच्या निदानासाठी ‘ल्युएटिन’ या अर्काची त्वचाचाचणी घेतली. ज्यांच्यावर ती झाली त्यांत उपदंश नसलेले रुग्ण व अनाथ मुलेही होती आणि त्यांची संमती घेतलेली नव्हती. अर्क मृत जंतूंपासून बनवलेला असल्याने निर्धोक आहे, असे समर्थन करण्यात आले. तथापि मुलांच्या वतीने होकार देण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते. अमेरिकेत संशोधनातील व्यक्तींच्या संरक्षणासाठी कायदा झाला तो १९७४ मध्ये.

केंद्राचे कार्य

२००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी अशा केंद्रांना अनुदान देण्यास प्रारंभ केला. पहिल्या १२ संस्थांत रॉकफेलर विद्यापीठाचा समावेश होता. हे अनुदान २०११ नंतर ट्रान्सलेशनल विज्ञानाच्या नव्या राष्ट्रीय केंद्राकडे सोपवण्यात आले. बॅरी कोलर हे रॉकफेलर केंद्राचे संस्थापक संचालक होत.

संशोधकाची कल्पना प्रत्यक्ष अभ्यासात उतरवताना संशोधन-आराखडा, संख्याशास्त्र, नैतिक परीक्षण, सहभागींची निवड, औषधसाठा, परिचारिका अशा अनेक बाबी जुळवाव्या लागतात. तरुण डॉक्टराची गाडी बहुधा येथेच अडते, म्हणून केंद्र त्यास प्रारंभापासून मार्गदर्शन करते. आहारशास्त्र विभागाची गरज रुग्णालयातील लठ्ठपणाच्या अभ्यासांवरून लक्षात येते : १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात सहभागींना मोजून-मापून द्रवाहार देण्यात आला आणि वजन घटल्यावर शरीर अपेक्षेपेक्षा कमी ऊर्जा खर्च करते, असे दिसून आले.

नवोदित डॉक्टरांसाठी केंद्राचा तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. अभ्यासांत भाग घेतलेल्या व्यक्तींना प्रश्नावली देऊन संमतीपत्र नीट समजले होते का, आपले म्हणणे ऐकून घेतले गेले का, हेही विचारले जाते.