समोर पाहून काढलेला गेंडा

गुजराथच्या सुलतानानें पोर्तुगीजांस नजर केलेला एक गेंडा १५१५ सालीं गोव्याच्या मार्गानें लिस्बनला पोंचला. जर्मन चित्रकार ड्यूरर यानें तो कधींच पाहिला नव्हता. आलेल्या वर्णनावरून व एका आराखड्यावरून त्यानें त्याचें चित्र केलें. साहजिकच गेंड्याच्या अंगावर चिलखत चढलें आणि खांद्यापाशीं एक जादा शिंग उगवलें. तरीहि युरोपांत दोन शतकांहून अधिक काळ तेंच चित्र प्रमाण गणलें गेलें.

ऐकीवापेक्षां डोळ्यांवर भिस्त ठेवण्याची शिस्त हॉलंडच्या चित्रकारांनीं जोपासली. कारेल व्हान मांडर यानें १६०४ च्या आपल्या ग्रंथांत मनानें काढलेलें चित्र व प्रत्यक्षावरून काढलेलें चित्र असा भेद केला. याकोब द खेन यानें उंदीर, बेडूक व फुलें निरखून रेखाटलीं. रेम्ब्रांटनें १६३७ सालीं काळ्या खडूनें हत्ती काढला. हे कागद म्हणजे हाताचा व नजरेचा अभ्यास होता.

असाच अभ्यास महाराष्ट्रांतहि झाला. पेशव्यांच्या दरबारांतील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्यासाठीं काम करणारे पुण्याचे गंगाराम चिंतामण तांबट यांनीं नोव्हेंबर १७९० मध्यें पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंडा काढला. जें ड्यूररला लाभलें नाहीं तें गंगारामांना लाभलें: जनावर समोर उभें होतें. कसरत करणारे मल्ल, कातारी कारागिराचें यंत्र, पर्वतीचीं देवळें, वेरूळचीं लेणीं, हेंहि त्यांनीं कागदावर उतरविलें.

१७९१ मध्यें मुंबईस आलेला स्कॉच चित्रकार जेम्स वेल्स पुढें पुण्यास गेला व गंगारामांना त्याचा सहवास घडला. परंतु कांदिवली, बोरिवली हीं गांवें ज्या साष्टी बेटावर वसलीं आहेत, तेथेंच १७९५ मध्यें वेल्सचा अंत झाला. १७९७ मध्यें मॅलेटनेंहि पुणें सोडलें. गंगारामांचा आश्रय तुटला, आणि त्यांचीं कितीएक चित्रें आज अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या संग्रहांत आहेत.

१८१८ मध्यें पेशवाई संपली; शिकारखानाहि उरला नाहीं. बखरींत लढाया व तह सांपडतात. मल्लाच्या दंडाचा पीळ मात्र कोणा बखरकारानें टिपला नाहीं. तो एका तांबटानें टिपला. ड्यूररचें नांव शाळकरी मुलेंहि घेतात. गंगारामांचें नांव त्यांच्याच पुण्यांत किती घरांत ठाऊक आहे?