वारीच्या वाटेवर काठीचा आधार

आषाढी वारीसाठी मुक्ताईनगरहून संत मुक्ताबाईंची, पैठणहून संत एकनाथांची आणि शेगावहून संत गजानन महाराजांची पालखी बीड जिल्ह्यातून पंढरपूरला जाते. बालाघाटाच्या चढउतारांवर वयोवृद्ध वारकऱ्यांच्या गुडघ्यांची परीक्षा होते. तेथे काठी उपयोगी पडते.

काठी पायाजवळ टेकवली असता कोपर साधारण काटकोनात राहील, इतकी तिची उंची असावी. चढावर मूठ थोडी खाली धरावी. उतारावर आधी काठी टेकवून मग पाऊल टाकावे. एक गुडघा दुखत असल्यास काठी विरुद्ध बाजूच्या हातात धरून दुखऱ्या पायाबरोबर पुढे न्यावी. ती दुखऱ्या बाजूलाच धरल्यास शरीर तिकडे झुकते व गुडघ्यावरील भार पुरेसा हलका होत नाही. डांबरी रस्त्यासाठी टोकास रबरी टोपी असावी; झिजलेली टोपी पावसात घसरते.

गिर्यारोहक दोन काठ्या वापरतात. मात्र दिंडीत एका हाती टाळ वा पताका असते, तर कुणाच्या डोक्यावर तुळशीवृंदावन. त्यामुळे वारकऱ्यास एकच हलकी काठी सोयीची ठरते. दाटीत ती अंगालगत टेकवावी, म्हणजे मागून येणाऱ्याच्या पायात येत नाही.