'तुंबाड'चं एवढं कौतुक का झालं, खटकलं काय आणि हस्तर खरंच पुराणात आहे का?

पावसाळ्यात महाबळेश्वरला गेलेल्या कुणाचीही स्टोरी उघडा. धुकं, शेवाळलेली भिंत, कोसळणारा पाऊस आणि खाली कॅप्शन: 'तुंबाड वाइब्ज'. ही तुलना अगदीच हवेतली नाही. सिनेमाचं चित्रीकरण रत्नागिरी जिल्ह्यातलं तुंबाड गाव, सासवड आणि महाबळेश्वर परिसरात झालं होतं.

पण याच पोस्टखाली दोन वाद हमखास रंगतात. एक म्हणजे, सिनेमा खरंच ग्रेट आहे की फक्त दिसायला भारी? आणि दुसरा, हस्तर नावाचा देव खरा आहे का? दोन्ही नीट समजून घेऊया.

आधी थोडक्यात गोष्ट

राही अनिल बर्वे दिग्दर्शित 'तुंबाड' १२ ऑक्टोबर २०१८ ला प्रदर्शित झाला. आनंद गांधी क्रिएटिव्ह डायरेक्टर होते, तर आदेश प्रसाद सहदिग्दर्शक. गोष्ट १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन टप्प्यांत घडते. विनायकला (सोहम शाह) लहानपणापासून वाड्यातल्या खजिन्याचं वेड असतं. मोठेपणी तो कणकेची बाहुली घेऊन हस्तरच्या तावडीतून सोन्याच्या मुद्रा आणायला लागतो. पुढे तीच हाव मुलात उतरते.

समीक्षकांना काय आवडलं?

पहिली गोष्ट म्हणजे पाऊस. खऱ्या पावसात चित्रीकरण करायचं म्हणून टीमने चार पावसाळे घालवले. त्यामुळे पडद्यावरची ओल खोटी वाटत नाही. अंधार, कंदिलाचा उजेड, वाड्याचे कोपरे यांतूनच भीती तयार होते. दार करकरलं आणि कुणीतरी अंगावर आलं, असली धक्कातंत्रं इथे कमी आहेत.

याची दखल पुरस्कारांतही दिसली. फिल्मफेअरमध्ये सिनेमाला आठ नामांकनं होती. त्यांपैकी छायाचित्रण (पंकज कुमार), कलादिग्दर्शन आणि ध्वनी या तीन विभागांत पुरस्कार मिळाले. त्याआधी व्हेनिस महोत्सवाच्या क्रिटिक्स वीकमध्येही तो दाखवला गेला होता.

दुसरी गोष्ट म्हणजे परीकथेला दिलेली इतिहासाची जोड. गियेर्मो देल तोरो यांच्या 'पॅन्स लॅबिरिंथ' (२००६) मध्ये एका मुलीची अद्भुत गोष्ट यादवी युद्धानंतरच्या स्पेनमध्ये घडते. 'तुंबाड'मध्येही बाहेर इंग्रजांचं राज्य संपत येतं आणि वाड्याच्या पोटात मात्र हाव तशीच राहते.

मग खटकलं काय?

पहिला आक्षेप: गोष्ट फारच सरळ आहे. 'लोभ वाईट' हे पहिल्या काही मिनिटांत कळतं आणि शेवटही त्याच वाटेने जातो. दुसरा आक्षेप: विनायक सोडला तर बाकीची माणसं, विशेषतः बायका, पुरेशा उभ्या राहत नाहीत. आई, बायको, ठेवलेली बाई या त्याच्या हावेच्या आजूबाजूलाच फिरतात.

पहिल्या आक्षेपाला उत्तर आहे. आजीच्या गोष्टीत कापूसकोंड्यापासून राक्षसापर्यंत सगळं सरळच असतं. शेवट माहीत असूनही आपण ऐकतो, कारण मजा सांगण्यात असते. दुसरा आक्षेप मात्र टिकतो. परीकथा आहे म्हणून बायकांना कमी जागा द्यायला हवी, असा काही नियम नाही.

मराठी प्रेक्षकाचा एक वेगळा प्रश्नही आहे: माणसं कोकणातली, वाडा आपला, मग भाषा हिंदी का? पावसाइतकाच खरेपणा भाषेतही हवा होता, ही अपेक्षा चुकीची म्हणता येणार नाही.

हस्तर खरा आहे का?

नाही. समृद्धीच्या देवीचा पहिला मुलगा, सोनं मिळालं पण धान्य मिळालं नाही, त्याची पूजा कधी होणार नाही, ही सगळी कथा सिनेमासाठी रचलेली आहे. 'पुराणातला विसरलेला देव' म्हणून फिरणारे फॉरवर्ड चुकीचे आहेत. या नावाशी मिळतंजुळतं 'हॅस्टर' हे नाव पाश्चात्त्य अद्भुतकथांत एकोणिसाव्या शतकापासून सापडतं.

मग मुळं कुठे आहेत? मराठी साहित्यात. साखळीने बांधलेल्या म्हातारीच्या भागामागे भयकथालेखक नारायण धारप यांच्या कथेची प्रेरणा आहे. नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून आलं, पण कादंबरीच्या कथेचा सिनेमाशी संबंध नाही. म्हणजे सिनेमा बघून कादंबरी मागवलीत तर हस्तर भेटणार नाही. खोत घराण्याच्या पिढ्यांची कहाणी मात्र भेटेल, आणि तीही वाचण्यासारखी आहे.

हा फरक महत्त्वाचा का?

लोककथा आणि रचलेली कथा यांत गल्लत झाली की खरी लोककथा मागे पडते. 'मुंज्या' (२०२४) चं उदाहरण घ्या. मुंज झालेला पण लग्नाआधी मेलेला मुलगा पिंपळावर राहतो, ही समजूत महाराष्ट्रात खरोखर आहे. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार यांनी ती विनोदी भयपटात आणली. संगणकावर घडवलेल्या मुंज्याचं कौतुक झालं, काहींना उत्तरार्ध ताणलेला वाटला. दोन्ही सिनेमे कोकणातले, पण एकाने जुनी समजूत वापरली आणि दुसऱ्याने नवी दंतकथा घडवली.

'तुंबाड'ला २०१८ मध्ये थिएटरात बेताचाच प्रतिसाद मिळाला. १३ सप्टेंबर २०२४ ला तो पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई झाली. रचलेली गोष्ट इतकी पटली की लोक तिला पुराण समजू लागले, ही लेखकांना मिळालेली मोठी पावतीच आहे.

फक्त पुढच्या वेळी महाबळेश्वरहून स्टोरी टाकाल तेव्हा हस्तरला पुराणातला म्हणू नका. धारपांचं नाव लिहिलंत तर उत्तम.